घरातील संगणकाचा आवाज : निदान आणि दुरुस्ती

स्मरणिकेत संगणकाच्या पंख्याविषयी लेख कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. सुट्टीनंतर वसतिगृहात परतणारी मुले आणि भेटीस येणारे माजी विद्यार्थी जे व्यावहारिक प्रश्न आम्हांस विचारतात, त्यांत हा प्रश्न फार वेळा येतो : "घरचा संगणक फार आवाज करतो, काय करावे?" तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी आणि भंडारा या साती तालुक्यांतील अनेक घरांत आता एक टेबलावरचा संगणक आहे. बहुधा तो नवा नसतो. कोणीतरी वापरलेला, नागपूरहून आणलेला, पै-पै जमवून घेतलेला असतो. तो घरघर करू लागला की घरात दोन प्रतिक्रिया उमटतात. एक, दुर्लक्ष करणे. दुसरी, तो उचलून दुकानात नेणे आणि सांगतील तेवढे पैसे देणे. पहिलीत यंत्र जाते, दुसरीत पैसा जातो. या दोहोंच्या मध्ये एक मार्ग आहे आणि तो फारसा कठीण नाही, हे दाखविण्यासाठी हा पाठ लिहीत आहोत.

आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात चार आर्यसत्यांना रोग, रोगाचे कारण, रोगमुक्ती आणि औषध यांची उपमा दिली आहे. विहारात ही उपमा आपण जीवनाविषयी ऐकतो. येथे तिचा उपयोग अगदी लहान कामासाठी करावयाचा आहे : औषधाकडे वळण्यापूर्वी कारण शोधावे. संगणकाच्या बाबतीत बहुतेक लोक उलटा क्रम धरतात. आधी पंखा विकत आणतात आणि मग आवाज पंख्याचा नव्हताच असे लक्षात येते.

प्रथम पेटीची ओळख करून घेऊ. आपल्याकडे संपूर्ण पेटीलाच 'सीपीयू' म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक सीपीयू म्हणजे आतील प्रोसेसर, नखाएवढ्या सिलिकॉनवर काम करणारा भाग. पेटी म्हणजे कॅबिनेट. तिच्यात आवाज करू शकणाऱ्या वस्तू मोजक्याच असतात. प्रोसेसरच्या डोक्यावरील पंखा, वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसमधील पंखा, असल्यास कॅबिनेटच्या पाठीमागचा पंखा, वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास त्यावरील पंखा, हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह. याखेरीज पत्र्याची थरथर आणि काही विद्युत भागांची बारीक शिट्टी. एवढ्यांपैकीच कोणीतरी बोलत असते. कोण, ते कानाने ओळखावयाचे.

१८१६ साली पॅरिसमधील रेने लॅनेक या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीवर ठेवली आणि दुसऱ्या टोकास कान लावला. स्टेथोस्कोपचा जन्म असा झाला. आपल्यालाही तेवढेच पुरे आहे. जुन्या वर्तमानपत्राची हातभर लांब पुंगळी करावी, एक टोक कानास लावावे आणि दुसरे कॅबिनेटच्या बाहेरून निरनिराळ्या जागी धरावे : मागे वरच्या किंवा खालच्या जाळीपाशी, जेथे वीजेची वायर शिरते तेथे एसएमपीएस असतो, बाजूच्या पत्र्याच्या मध्यभागी प्रोसेसरचा पंखा, पुढील बाजूस हार्ड डिस्क. आवाज कोठून येतो ते पुंगळी स्पष्ट सांगते. लोखंडी पेचकस कानाला लावून ऐकण्याची मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्यांची पद्धत विजेच्या यंत्रावर वापरू नये.

दुसरी चाचणी आम्हांस विशेष उपयोगी वाटते, कारण तिला काहीच लागत नाही. संगणक नेहमीच्या रीतीने बंद करावा आणि बंद होण्याच्या क्षणी नीट ऐकावे. आवाज वीज जाताच एकदम थांबला, तर तो विद्युत भागाचा किंवा स्पीकरचा असतो. आवाज हळूहळू खाली उतरत काही सेकंदांत थांबला, तर तो फिरणाऱ्या वस्तूचा, कारण फिरणारी वस्तू वीज गेल्यावरही क्षणभर फिरत राहते. पंखा थांबता थांबता 'टक्... टक्... टक्' असे अंतर वाढत गेले, तर पात्याला काहीतरी लागत आहे. बहुधा एखादी सैल वायर. शेवटी हार्ड डिस्कचा एकच बारीक 'टक्' ऐकू येतो. तो तिच्या विसाव्याचा आवाज असून त्यात काही वावगे नाही.

आवाज केव्हा होतो, हेही लिहून ठेवावे. थंडीच्या दिवसांत सकाळी सुरू करताना घरघर आणि पंधरा मिनिटांनी शांतता, असे असेल तर पंख्याच्या बेअरिंगमधील तेल आटले आहे असे समजावे. गरम होताच उरलेसुरले तेल पातळ होते आणि आवाज मिटतो. दुपारीच आवाज वाढतो, तर कारण उष्णता. एखादा कार्यक्रम उघडल्यावरच वाढतो, तर प्रोसेसरवर भार पडत आहे. काहीही उघडलेले नसताना पंखा जोरात धावत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि प्रोसेसर कोण वापरत आहे ते पाहावे. फुकट खेळांबरोबर आलेला एखादा नको असलेला कार्यक्रम तेथे सापडला, तर पेटी उघडण्याची गरजच नाही.

आता मुख्य कारणाकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात ते बहुतांशी धूळ हेच असते. भंडारा हा धानाचा जिल्हा. दिवाळीनंतर मळणी सुरू झाली की तुसाचा बारीक कण घराघरांत, अगदी बंद कपाटांतही शिरतो. राईस मिलच्या जवळपास राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. त्यात तथागतांच्या प्रतिमेसमोर रोज लावलेल्या अगरबत्तीचा आणि स्वयंपाकघरातील फोडणीचा धूर मिसळतो. धूर चिकट असतो, तूस कोरडे असते. दोन्ही मिळून प्रोसेसरवरील हीटसिंकच्या पातळ पत्र्यांमध्ये चक्क वाकळीसारखा थर धरतात. वारा आत जात नाही. प्रोसेसर तापतो. तापला की मदरबोर्ड पंख्याचा वेग वाढवितो. पंखा बिचारा ओरडतो. दोष मात्र त्याचा नसतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि खोली जितकी अधिक तापते, पेटीच्या आतील भाग साधारण तितकेच अधिक तापतात. म्हणून हिवाळ्यात साठलेली धूळ उन्हाळ्यात ओरडते.

येथे थोडे गणित सांगणे आवश्यक आहे. पंख्याचा आवाज वेगाच्या प्रमाणात नुसता वाढत नाही, फार झपाट्याने वाढतो. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो आणि १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्म्या आवाजाइतकी वाटते. म्हणजे धूळ काढून वेग खाली आणता आला, तर नवा पंखा घेण्याची गरज बहुधा उरत नाही. याउलट सारखाच आवाज करणारे दोन पंखे असतील आणि आपण एकच शांत केला, तर फरक केवळ ३ डेसिबलचा पडतो. घरचे म्हणतात, "काहीच झाले नाही." म्हणून सर्वांत मोठ्याने बोलणारा आधी शोधावा आणि त्याचाच बंदोबस्त करावा.

सफाईची रीत अशी. संगणक बंद करून वायर भिंतीच्या बोर्डातून काढावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. त्यानंतर पेटीचे सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत शिल्लक असलेली बरीचशी वीज निघून जाते. पेटी अंगणात किंवा ओसरीवर आणावी, घरात धूळ उडवू नये. उघडण्यापूर्वी वायरी कोठे जोडल्या आहेत त्याचे मोबाईलवर छायाचित्र काढावे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. हिवाळ्यातील कोरड्या हवेत लोकरी स्वेटर घालून हे काम न करणे उत्तम. रंगकामाचा मऊ, कोरडा, नवा ब्रश घ्यावा. ब्लोअर वापरावयाचा असेल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याने पंखा मोकळा भिरभिरला की मुलांना मजा वाटते, परंतु त्या अनैसर्गिक वेगाने बेअरिंग खराब होते. ओला फडका आत कोठेही नको. मुंग्या, झुरळे आणि कधी पालीची अंडीसुद्धा आत सापडतात. तीही अलगद काढावीत.

पंखा स्वच्छ झाला, पाती मोकळी फिरतात, तरी घरघर आहे असे आढळले तर बेअरिंग पाहावे. स्वस्त पंख्यांत साधी धातूची बाही असते आणि तेलाच्या थेंबावर दांडी फिरते. पंख्याच्या मध्यभागी मागील बाजूस जो कागदी बिल्ला चिकटविलेला असतो, तो अर्धा उचलला की अनेक पंख्यांत दांडीचे टोक किंवा छोटे रबरी बूच दिसते. तेथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा, पाती हाताने फिरवावीत, सांडलेले पुसून बिल्ला पुन्हा दाबून बसवावा. एक थेंब म्हणजे एकच. खोबरेल तेल मात्र घालू नये. घरात हाताशी असते म्हणून पुष्कळ जण तेच घालतात. ते २४ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडील रात्री त्याहून पुष्कळच थंड असतात. शिवाय ते चिकट होऊन धूळ धरते. ज्या पंख्याचे बेअरिंग पूर्ण बंद असते त्यात तेल जात नाही. तेथे, तसेच तेल घालूनही महिनाभरात आवाज परतला तर, पंखा बदलावा. दुकानात जाताना जुना पंखा सोबत न्यावा. त्याच्या चौकटीची बाजू मोजावी, साधारणतः ८०, ९२ किंवा १२० मिलिमीटर असते. जोडणीला तीन पिना आहेत की चार ते पाहावे. वर १२ व्होल्ट लिहिलेले असते तेही मिळवून घ्यावे. चार पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्डला अधिक नीट सांभाळता येतो.

प्रोसेसरवरील कूलर सैल झाल्यानेही पंखा धावतो, आणि हे कारण बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणारे अनेक कूलर चार प्लॅस्टिकच्या खिळ्यांवर बसविलेले असतात. जुनी पेटी नागपूरहून बसमधून किंवा दुचाकीवर मांडीवर घेऊन आणताना एखादी खिळी उसळते, कूलर एका बाजूने उचलला जातो आणि उष्णता वर पोहोचतच नाही. चारही खिळ्या हाताने हलवून पाहाव्यात. सैल असेल ती दाबून 'कट' असा आवाज येईपर्यंत बसवावी. कूलर पूर्ण काढावाच लागला तर जुनी, वाळलेली थर्मल पेस्ट कोरड्या मऊ कापडाने पुसून नवी मुगाच्या दाण्याएवढी लावावी. अधिक लावल्याने अधिक थंडावा मिळत नाही. एएमडीच्या अनेक प्रोसेसरांत पेस्ट कडक झाली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसरही उपसून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. तेथे संगणक आधी थोडा वेळ चालवून गरम करावा, बंद करून वायर काढावी आणि मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा.

पत्र्याची थरथर ओळखणे सर्वांत सोपे. आवाज चालू असताना कॅबिनेटच्या बाजूवर तळहात दाबावा. आवाज थांबला तर स्क्रू सैल आहे किंवा पेटी असमान जागी उभी आहे. येथे सोण भिक्खूस तथागतांनी दिलेला वीणेचा दृष्टान्त आठवतो : तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. स्क्रू इतकाच आवळावा की पत्रा बसेल. फार आवळला तर झिजलेले आटे कायमचे जातात, आणि मग तेथे कागद कोंबण्याची वेळ येते. पेटीच्या चार पायांखाली जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे ठेवावेत. लाकडी टेबल स्वतःच आवाज मोठा करते, तबल्याच्या खोडासारखे; ट्यूबच्या तुकड्यांनी तो संबंध तुटतो.

आता ज्याच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला त्याकडे वळतो. हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरत असतात, बहुधा मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. वाचणारे टोक चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो, मग तुसाच्या कणाचे काय सांगावे! हार्ड डिस्कची संथ घूं घूं आणि काम करतानाची हलकी कुरकुर ही साहजिक आहे. परंतु ठराविक अंतराने 'खट्... खट्... खट्' असा आवाज येत असेल, किंवा धातू धातूवर घासल्यासारखी किंचाळी येत असेल, तर तो धोक्याचा इशारा होय. तो ऐकल्यावर सफाई करीत बसू नये, तेल शोधू नये, पेटी हलवून पाहू नये. जे महत्त्वाचे आहे ते त्याच क्षणी दुसरीकडे उतरवून घ्यावे, आणि किंचाळी असेल तर संगणक बंद करून जाणकाराकडेच न्यावा.

महत्त्वाचे म्हणजे काय, हे आपल्या घरांत निराळे सांगावयास नको. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी भरलेल्या अर्जाच्या प्रती, सातबारा, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचे एकमेव स्कॅन. वैधतेच्या कामासाठी जुन्या पिढीचा पुरावा मिळविण्यास किती खेटे घालावे लागतात ते ज्याने घातले त्यालाच ठाऊक. तो पुरावा एका जुन्या डिस्कमध्ये, एकाच ठिकाणी, ठेवणे योग्य नाही. पेन ड्राइव्हवर एक प्रत आणि घरातील दुसऱ्याच्या मोबाईलवर किंवा डिजिलॉकरमध्ये जे शक्य असेल ते ठेवावे. डिस्कची प्रकृती पाहण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत कार्यक्रम आहे. तो डिस्कने स्वतःच नोंदवून ठेवलेले दोष दाखवितो. त्यात सावधानतेचा रंग दिसला तर आवाज येण्याची वाट पाहू नये. नवी डिस्क घ्यावयाची झाल्यास एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारे काहीच नसते, म्हणून आवाजही नसतो, आणि जुना संगणक तिच्यामुळे चांगलाच चपळ होतो.

एसएमपीएसविषयी आमचे मत ठाम आहे : तो घरी उघडू नये. भिंतीतील २३० व्होल्ट वीज आत गेल्यावर तिचे सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश दाबात रूपांतर होते आणि वायर काढल्यानंतरही ती आतील कपॅसिटरांत काही काळ राहू शकते. बाहेरून जाळीतून ब्रशने धूळ काढावी, इतकेच. त्याचा पंखा घरघरत असेल तर संपूर्ण एसएमपीएस बदलणे किंवा जाणकाराकडून पंखा बदलून घेणे हाच मार्ग आहे. जळका वास आला, तर संगणक चालवून पाहण्याचा मोह टाळावा.

बारीक शिट्टीसारखा आवाज, जो पडद्यावरील चित्र हलताना बदलतो, तो विद्युत कॉइलचा असतो. तो कानास त्रास देतो, यंत्रास बहुधा नाही. स्पीकरमधून येणारी सततची गुंजन निराळी; तिचे एक सामान्य कारण अर्थिंग नीट नसणे हे आहे, आणि ते संगणकापेक्षा घराच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वीजतंत्री बोलवावा, संगणक नंतर पाहावा. सुरू करताना 'बीप बीप' असा आवाज येऊन पडदा काळाच राहिला, तर तो पंख्याचा विषयच नव्हे. बहुतेक वेळा रॅमची पट्टी सैल झालेली असते. वायर काढून ती उपसावी, तिची सोनेरी कड शाळेच्या खोडरबराने हलकेच घासावी, कण झटकावेत आणि पट्टी दोन्ही बाजूंचे चाप बसेपर्यंत दाबावी.

या साऱ्या कामास प्रथमच हात घालणाऱ्यास एक रविवार पुरतो. घरातील मुलगी हे करू पाहत असेल तर पेचकस तिच्या हातून काढून भावाच्या हाती देऊ नये, एवढे पालकांस सुचवावेसे वाटते. आमच्या संगणक कक्षात निकामी पेट्या उघडून पुन्हा जोडण्याचा सराव मुलेमुली सारख्याच सफाईने करतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तांत्रिक शिक्षण आपल्या समाजापर्यंत पोहोचावे असा त्यांचा आग्रह होता. पेटी उघडून पाहण्याची भीती गेली की दुकानातील बोलणेही बदलते. "मदरबोर्ड गेला" असे कोणी सांगितले तर, "कशावरून?" असे विनयाने विचारता येते, बदललेला जुना भाग परत मागता येतो, काम करताना शेजारी उभे राहता येते. प्रामाणिक कारागिरास याचा राग येत नाही.

शेवटी वेळापत्रक. वर्षातून दोन सफाया पुरतात : मळणी आटोपल्यावर जानेवारीत एक, आणि उन्हाळा तापण्यापूर्वी मार्चअखेर दुसरी. राईस मिल किंवा कच्चा रस्ता जवळ असल्यास पावसाळ्यानंतर तिसरी. पेटी जमिनीवर ठेवू नये. झाडू मारताना उडणारी सगळी धूळ तीच ओढून घेते. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे. आणि डेझर्ट कूलरच्या थेट झोतात तर मुळीच ठेवू नये. त्या ओलसर हवेने धुळीचा चिखल होतो. शिवाय कूलरच्या आवाजात संगणकाची घरघर चार महिने कोणालाच ऐकू येत नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा कूलर दोन मिनिटे बंद करून संगणकाकडे कान द्यावा.